बाटलीत आज चहा आहे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानांपैकी एकाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आधी एक खुलासा करतो, म्हणजे पहिल्या रांगेतल्या काकांच्या कपाळावरची आठी जाईल. टेबलावर ही जी बाटली दिसतेय ती कोन्याकची आहे, पण तिच्यात आज कोरा चहा आहे, थंड केलेला, बिनसाखरेचा. आपल्या सभागृहात दारू आणायची नाही हा ठराव पहिल्याच सर्वसाधारण सभेत झालाय. त्याला अनुमोदन देणाऱ्यांत मी होतो. जुनं इतिवृत्त काढून बघा, माझी सही आहे.

त्या वेळी मी काय काम करतो हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की मी सांगायचो, ‘हॉटेलात आहे.’ ते खोटं नव्हतं. कुणाला वाटायचं मॅनेजर असेन, कुणाला वाटायचं हिशेब बघत असेन. एका गणपतीत तर उत्सव समितीचे दोघं दारात आले, दीडशे पानांचा पुलाव कराल का म्हणून. मी म्हटलं, अहो, मला साधा वरणभात नीट येत नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. हॉटेलात आहे आणि स्वयंपाक येत नाही म्हणजे हा करतो तरी काय!

तर मी तीस वर्षं बारच्या काउंटरमागे उभा होतो. पेयं करायचो. हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माईकवरून सांगतोय. लिफ्टमध्ये मात्र बऱ्याच जणांना हळूहळू कळलं होतं, कारण गेल्या काही वर्षांत लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न येतो. मुलगा किंवा जावई परदेशातून येताना विमानतळावरून कोन्याकची बाटली आणतो. घरात कुणी रोज पिणारं नसतं. बाटली शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी नाही पण त्याच कपाटात, चार-पाच वर्षं उभी असते. मग विचारतात, ‘ती आता चांगली असेल का हो? आणि तिचं करायचं काय?’ म्हणून आज एकाच पेयाबद्दल बोलतो. कोन्याक आणि ग्रेपफ्रूट. ते घरी कसं करायचं, आणि कुणी करू नये. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

आधी उच्चार. कॉग्नॅक नाही, कोन्याक. ‘जी’ लिहायचा, बोलायचा नाही. हे गावाचं नाव आहे, फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीच्या काठी. त्या गावाच्या आसपास ठरवून दिलेल्या भागातल्या द्राक्षांपासून, ठरलेल्या पद्धतीनं केली तरच तिला कोन्याक म्हणायचं. बाहेर केली की ती ब्रँडी. हद्द १९०९ साली आखली आणि १९३६ साली बाकीचे नियम पक्के झाले. म्हणजे प्रत्येक कोन्याक ब्रँडी असते, पण प्रत्येक ब्रँडी कोन्याक नसते. जसं, प्रत्येक हापूस आंबा असतो. पुढचं मी या सभेत बोलत नाही, इथं रत्नागिरी आणि देवगड दोन्हीकडचे लोक आहेत.

तिथली मुख्य द्राक्षं, उग्नी ब्लाँ जातीची, वाईन म्हणून काही खास नसतात. वाईन होते आंबट आणि पाणचट. पण ऊर्ध्वपातनाला तीच लागते. तांब्याच्या भट्टीत ती दोनदा काढतात, पुढच्या ३१ मार्चच्या आत. मग ओकच्या पिंपात मुरवत ठेवतात. रंग येतो तो मुख्यतः लाकडाचा. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के माल हवेत उडून जातो. त्याला तिथले लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. त्या वाफेवर जगणारी एक काळी बुरशी आहे, ती गोदामांच्या भिंतींवर आणि छपरांवर चढते. असं म्हणतात की कुणाकडे किती माल मुरतोय हे कर वसूल करणाऱ्याला भिंत बघूनच कळायचं.

बाटलीवरची अक्षरं बघा. व्ही. एस. म्हणजे मिश्रणातली सगळ्यात तरुण कोन्याक किमान २ वर्षं लाकडात राहिलेली. व्ही. एस. ओ. पी. म्हणजे किमान ४ वर्षं. एक्स. ओ. म्हणजे २०१८ पासून किमान १० वर्षं, आधी ती ६ होती. फ्रेंच मालावर ही अक्षरं इंग्रजीत का, तर गिऱ्हाईक इंग्रज होतं. आता महत्त्वाचं: वय मोजतात ते पिंपातलं. बाटलीत भरली की वय थांबलं. तुमच्या शोकेसमध्ये पाच वर्षं राहिली म्हणून व्ही. एस. ची व्ही. एस. ओ. पी. होत नाही. आणि सीलबंद असेल तर ती खराबही झालेली नाही. फक्त उन्हात ठेवू नका, आणि आडवी ठेवू नका. वाईनची बाटली आडवी ठेवतात, हिची उभी, नाहीतर आतली दारू बूच खाते. एकदा उघडून अर्धी झाली की काही महिन्यांत संपवावी, कारण आतली हवा तिचा वास उतरवते. आणि एक्स. ओ. असेल तर मी आता जे सांगणार आहे त्यात घालू नका. ती नुसती प्यायची असते. व्ही. एस. पुरे, फार तर व्ही. एस. ओ. पी.

इथं थोडं विषयांतर. आपल्याकडे दारूला हात न लावणाऱ्या घरातसुद्धा औषधांच्या डब्याशेजारी ब्रँडीची चपटी बाटली असायची. थंडी वाजली, चमचाभर दे. बाळंतिणीला दे. बाळाच्या छातीला चोळ, आणि जमलं तर दोन थेंब पाजही. मला हे अजून विचारतात. तर दारू प्यायल्यावर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. पण तीच उष्णता बाहेर जाते आणि शरीर आतून गार पडतं. बाळाला तर थेंबही देऊ नये, चोळूही नये. आणि आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळशा ब्रँडीत द्राक्षाचा अंश थोडा आणि उसाच्या मळीचा स्पिरिट जास्त असतो. औषध म्हणून पाजताना आपण काय पाजत होतो ते तुम्हीच बघा.

आता फळाकडे येतो.

हे टेबलावर दोन फळं आहेत. हे मोठं, फिकट हिरवं-पिवळं, ते आपलं पपनस. हे लहान, गुलाबी झाक असलेलं, ते ग्रेपफ्रूट. पपनस बाप किंवा आई म्हणा, आणि ग्रेपफ्रूट लेकरू. आशियातलं पपनस वेस्ट इंडीजच्या बेटांवर नेलं गेलं, तिथं त्याचा गोड संत्र्याशी आपसूक संकर झाला, आणि अठराव्या शतकात बार्बाडोसमध्ये हे नवं फळ लोकांच्या नजरेत आलं. तिथं त्याला ‘निषिद्ध फळ’ म्हणायचे, म्हणून शास्त्रीय नावात ‘पॅराडिसी’, म्हणजे स्वर्गातलं, असा शब्द आला. द्राक्षांशी संबंध एवढाच की झाडाला घोसानं लागतं. लाल गराची जात तर अलीकडची, १९२९ च्या सुमाराला अमेरिकेत टेक्सासमध्ये गुलाबी फळांच्या झाडावर आपोआप निपजलेली.

माझ्या आईचं माहेर गोव्यात पेडण्याला. ती पपनसाला तोरंजन म्हणायची. चतुर्थीला तिकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात, रानातली आणि परसातली फळं टांगतात, त्यात तोरंजन हवंच. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. श्रावण-भाद्रपदात गावाहून कुणी आलं की पिशवीत एक तरी तोरंजन यायचं. आई ते सोलायला बसली की अर्धा तास जायचा. जाड साल काढायची, मग पांढरा कापूस काढायची, मग प्रत्येक फोडीची पातळ पापुद्र्यासारखी साल पाठीकडून फाडून आतला गर तेवढा मोकळा करायची. बिया बाजूला. त्यावर मीठ, चिमूटभर तिखट, थोडी साखर. आम्ही पोरं घाई करायचो, तर म्हणायची, ‘पांढरं राहिलं तर कडू लागेल, मग माझ्याकडे बघून तोंड वाकडं करू नका.’

हॉटेलात पहिल्या दिवशी मला ग्रेपफ्रूटचा रस काढायला सांगितला तेव्हा बाकीच्या पोरांचा रस कडू व्हायचा आणि माझा नाही. वरिष्ठ म्हणाले, कुठं शिकलास? काय सांगणार.

ती नोकरी मला १९८२ च्या पावसाळ्यात लागली. ते वर्ष इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. बाबा गिरणीत होते. संपाआधी ते पगाराच्या दिवशी प्यायचे. संपानंतर पगाराचा दिवसच उरला नाही, मग ते मिळेल तेव्हा आणि मिळेल ती प्यायला लागले. त्याबद्दल जास्त सांगत नाही. या हॉलमध्ये असे काही जण आहेत ज्यांना जास्त सांगायची गरज नाही.

मी घरी सांगितलं, हॉटेलात ज्यूस काढतो. पहिलं वर्षभर ते अक्षरशः खरं होतं. ग्लास धुवायचे, बर्फ फोडायचा, लिंबं पिळायची. पुढे पेयं करायला लागलो तरी घरी ज्यूसच राहिला. ज्या गोष्टीनं घरातला पैसा बाहेर जात होता तिच्यावरच माझा पगार घरात येत होता, आणि हे मला आईला सांगवत नव्हतं. रात्री दोनला घरी आलो की ती जेवण गरम करायची. कधी विचारलं नाही की ज्यूस प्यायला लोक रात्री दोनपर्यंत का बसतात. शेजारणींना सांगायची, ‘धाकटा सरबतं करतो हाटेलात.’ तिला ठाऊक होतं की नव्हतं हे मला आजही माहीत नाही.

म्हणून कृती सांगण्याआधी दोन गोष्टी. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, घरातसुद्धा. आणि या जातीच्या दारूला वय २५ पूर्ण हवं. मागच्या रांगेतल्या कॉलेजकुमारांनी ऐकलं ना? दुसरी गोष्ट. ज्या घरात कुणाला व्यसन आहे, किंवा होतं आणि सुटलंय, त्या घरात हे पेय करू नका. आंबटगोड रसात दारूचा कडवटपणा लपतो, आणि लपलेली दारू जास्त जाते. आणि मदत हवी असेल तर लाजू नका. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठीतही होतात, पैसे लागत नाहीत. आमच्या वेळी आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं.

आता कृती.

दारू, आंबट फळ, गोड आणि पाणी एकत्र करणं ही युक्ती जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या बाजूचा आहे. ‘पंच’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पाच’वरून आला असं बरेच कोश सांगतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. सगळ्यांना ते मान्य नाही, पण मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेला आला होता, त्यानं तिथल्या इंग्रजांच्या पेयाचं वर्णन केलंय: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. म्हणजे इंग्रज वखारवाले आपल्या किनाऱ्यावर हे पीत होते. त्याचीच नातवंडं-पतवंडं म्हणजे आजची आंबटगोड कॉकटेलं.

कोन्याकच्या घराण्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे साईडकार. पहिल्या महायुद्धानंतर लंडन-पॅरिसमध्ये आलं, १९२२ च्या दोन पुस्तकांत त्याची कृती छापली आहे. पॅरिसवाले म्हणतात आमचं, लंडनवाले म्हणतात आमचं. त्यात कोन्याक, संत्र्याच्या सालीची लिक्युअर आणि लिंबाचा रस, एवढंच. सुरुवातीला तिन्ही सारखी घ्यायचे. पुढे दोनास एक, एक असं झालं, तेच बरं लागतं.

मी आज सांगतोय ते साईडकारच, फक्त लिंबाच्या जागी बहुतेक ग्रेपफ्रूट. इथं घरी करणारे नेहमी एक चूक करतात. लिंबू काढतात आणि तेवढंच ग्रेपफ्रूट घालतात. मग पेय गुळमट आणि बेचव होतं. कारण लिंबाच्या रसात आंबटपणा ग्रेपफ्रूटच्या तिप्पट तरी असतो. म्हणून ग्रेपफ्रूट जास्त घ्यायचं आणि जोडीला थोडं आपलं कागदी लिंबू ठेवायचंच.

एका ग्लासाला: कोन्याक ४५ मिली. संत्र्याची लिक्युअर, क्वांत्रो किंवा कुठलीही ट्रिपल सेक, १५ मिली. ग्रेपफ्रूटचा ताजा रस ३० मिली. लिंबाचा रस १० मिली. मधाचा पाक ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा. मध आणि गरम पाणी सारख्या प्रमाणात ढवळून पाक करून ठेवा, कारण नुसता मध थंड रसात विरघळत नाही, बर्फाला चिकटून बसतो. आणि मीठ, अगदी दोन बोटांत मावेल त्याच्या निम्मं. आई पपनसाला मीठ लावायची ते उगाच नव्हतं. मिठानं कडूपणा जिभेला कमी जाणवतो.

मापं मोजून घ्या. औषधाच्या बाटलीबरोबर प्लास्टिकचं छोटं माप येतं ना, ते स्वच्छ धुऊन वापरा, सगळ्यात अचूक. आमच्या धंद्यात ‘अंदाजानं ओततो तो मालकाला बुडवतो’ असं म्हणायचे. घरी तो पाहुण्याला बुडवतो. कोन्याक ४५ आणि लिक्युअर १५ मिळून ६० झाली, दोन्ही साधारण ४० टक्क्यांच्या. म्हणजे हा एक ग्लास म्हणजे दोन स्मॉल पेग. चवीला सरबत लागतं म्हणून विसरू नका.

रस हातानं किंवा लिंबू पिळायच्या साच्यात काढा. मिक्सरमध्ये नको. मिक्सरमध्ये बिया आणि पांढरा भाग वाटला जातो आणि सगळा रस कडू. दाबतानाही शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका. रस काढल्यावर त्याच संध्याकाळी वापरा. डब्यातला नको, त्यात बहुधा साखर असते आणि सालीचा वास नसतो.

शेकर नसला तरी चालतं. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. मात्र तिच्यात आधी लोणचं असेल तर ती नको. कितीही धुतली तरी झाकणातला रबर मेथी-हिंग विसरत नाही. मी एकदा अनुभव घेतलाय.

बर्फाचंही तेच. आपल्या फ्रीजमध्ये बर्फाच्या वर सुक्या बोंबलाची पिशवी असते आणि शेजारी लसणाची चटणी. बर्फ वास ओढून घेतो. पाणी उकळून, गार करून, झाकणाच्या ट्रेमध्ये वेगळा बर्फ लावा. आणि भरपूर घ्या. लोकांना वाटतं, बर्फ जास्त घातला तर पाणी जास्त होईल. उलट आहे. चारच खडे घातले तर ते लगेच विरघळतात आणि पेय गार होण्याआधीच पातळ होतं. बरणी तीन चतुर्थांश भरा.

घालण्याचा क्रम आमचा ठरलेला: स्वस्त ते आधी. रस, लिंबू, पाक, मीठ, मग लिक्युअर, शेवटी कोन्याक. मध्ये काही चुकलं तर फेकायला फक्त लिंबू जातं. मग बर्फ, झाकण, फडक्यानं धरून दहा-बारा सेकंद जोरात हलवा. हे असं. (इथे वक्त्यांनी चहा वापरून प्रात्यक्षिक दाखवले.) आवाज बदलतो बघा, आधी खडखड, मग जरा मऊ. बरणीला बाहेरून दव धरलं की थांबा. यात बर्फाचं साधारण पाव पट पाणी मिसळतं, ते हवंच, त्यानंच चव उघडते. चहाच्या गाळणीतून गाळा, आधी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या लहान ग्लासात.

सगळ्यात शेवटी साल. बटाटे सोलायच्या सोलाण्यानं ग्रेपफ्रूटच्या सालीचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा काढा, पांढरं शक्य तितकं कमी. रंगीत बाजू ग्लासाकडे करून दुमडा. उजेडाच्या दिशेनं बघितलंत तर तेलाचा फवारा दिसतो. निम्मा वास तिथं आहे. काहीजण ग्लासाच्या कडेला साखर लावतात; मला आवडत नाही, हात चिकट होतात.

झालं. पाच मिनिटांचं काम.

आता ते दुसरं, ज्याच्यासाठी थांबायला सांगितलं होतं.

चार वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली हे तुम्हाला माहीत आहे, निम्म्या सोसायटीनं डबे पोचवलेत. घरी येताना गोळ्यांची यादी मिळाली, त्यात कोलेस्टेरॉलची एक, अ‍ॅटोर्वास्टॅटिन. मीठ कमी, तेल कमी, चालणं, सगळं सांगितलं. फळं भरपूर खा असंही सांगितलं. मी खूश. रोज सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट खायला लागलो. दोन महिन्यांनी मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, मला वाटलं वय झालं. गोळ्या आणायला गेलो तर औषधाच्या दुकानातल्या एका तरुण मुलीनं सहज विचारलं, ‘काका, ग्रेपफ्रूट किंवा पपनस खात नाही ना?’ तीस वर्षं ज्या फळाचा रस काढला त्याबद्दल मला हे कुणीतरी सांगतंय!

घरी येऊन वाचलं, डॉक्टरांना विचारलं. प्रकार असा आहे. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक एन्झाईम असतं, ते काही औषधांचा भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. गोळीचा डोस हे धरूनच ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं ते एन्झाईमच निकामी करतात. मग एकाच गोळीचं औषध रक्तात कितीतरी जास्त जातं, म्हणजे न सांगता डोस वाढल्यासारखं. स्टॅटिनच्या बाबतीत त्याचा त्रास स्नायूंवर दिसू शकतो. आणि सकाळी फळ, रात्री गोळी असं केलं तरी उपयोग नाही, कारण शरीराला नवं एन्झाईम तयार करायला एक ते तीन दिवस लागतात. एक ग्लास रसही पुरतो.

हे सापडलं कसं ते ऐका. कॅनडातले संशोधक डेव्हिड बेली ब्लडप्रेशरच्या फेलोडिपिन या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात दिली, आणि तुलनेसाठी दुसऱ्या वेळी नुसता रस. दोन्ही वेळा रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. पुढे त्यांनी स्वतःवरही प्रयोग करून बघितला. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. दारूची चव ग्रेपफ्रूटच्या रसानं लपते, हीच तर आमच्या धंद्याची युक्ती, तीच प्रयोगशाळेत जाऊन उघडी पडली.

तेव्हा सांगतो. सिम्व्हास्टॅटिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, फेलोडिपिन, निफेडिपिन, किडनी बदललेल्यांच्या काही गोळ्या, आणि अशी आणखी बरीच औषधं आहेत. काही स्टॅटिनना हा त्रास नाही, रोसुव्हास्टॅटिनला नाही. म्हणून माझं ऐकून गोळी बंद करू नका किंवा बदलू नका. गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला सरळ विचारा: ग्रेपफ्रूट चालेल का? पपनसातही तीच द्रव्यं आहेत, त्यामुळे तेही विचारा. झोपेची गोळी घेत असाल तर दारू बिलकुल नाही, रस कुठलाही असो. आणि दारूपुरतं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्टच सांगितलंय की तिचं सुरक्षित असं प्रमाण नाही. हे बारवाल्यानं सांगावं हे विचित्र वाटेल, पण मी आता बारवाला नाही, बी विंगमधला म्हातारा आहे.

माझं दुखणं ग्रेपफ्रूट बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत गेलं. डॉक्टरांनी गोळीही बदलून दिली. तरी मी परत सुरू केलेलं नाही. नातू विचारतो, आजोबा तुमचं ते पेय कसं लागतं? मी त्याला म्हणतो, पंचविशीचा हो, मग स्वतः करून बघ, मी शेजारी बसून मापं मोजेन.

आता चहाचं. हा चहा मी केवळ रंगासाठी आणलेला नाही. ओकच्या पिंपामुळे कोन्याकला जो तुरटपणा येतो तसाच तुरटपणा चहात असतो. म्हणून दारू नको असेल तर कोन्याकच्या जागी कडक कोरा चहा घ्या, थंड करून, ६० मिली. लिक्युअरच्या जागी संत्र्याची साल साखरेत चुरगाळून तासभर ठेवा. सालीचं तेल सुटतं आणि साखर ओली होते, ती एक चमचा घाला. बाकी सगळं तसंच. हे पाहुण्यांना दिलं तर कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि सगळ्यांच्या हातात सारखेच ग्लास दिसतात. माझ्या मते घरच्या कार्यक्रमात हे फार महत्त्वाचं आहे. जो पीत नाही त्याला स्टीलच्या पेल्यात पाणी आणि बाकीच्यांना काचेचे ग्लास, हे मला कधी आवडलं नाही.

मागच्या टेबलावर तीन जग ठेवलेत. डावीकडचा चहा आणि ग्रेपफ्रूटचा. मधला चहा आणि पपनसाचा, पपनस सोलायला ए विंगच्या दोन वहिनींनी सकाळपासून मदत केलीय, पांढरा कण सापडणार नाही. उजवीकडचा कोकमाचा. रोजची गोळी सुरू असलेल्यांनी आज उजवीकडचा घ्यायचा, विचारून झालं की पुढच्या वेळी डावीकडचा. पोरांनो, रांगेत या, ग्लास पुरेसे आहेत.